चुकामूक : कँडी स्टेशन, पोयाचा दिवस

23 फेब्रुवारी 2024, शुक्रवार. श्रीलंकेतल्या कँडी स्टेशनातून सकाळी पावणेनऊच्या सुमाराला बदुल्लाकडे जाणारी ‘पोडी मेनिके’ सुटली. तेव्हा आम्हा चौघांपैकी दोघं गाडीत होती आणि दोघं फलाटावर. गाडीत गेलेल्यांकडे सगळ्यांचे जवळजवळ सगळे पैसे आणि औषधांची पिशवी होती. फलाटावर राहिलेल्यांकडे चौघांत मिळून घेतलेलं एकमेव स्थानिक सिम होतं. ती औषधं ज्याची, तो माणूसही फलाटावरच होता.

त्या दिवशी शेवटी सगळं निभावलं. तरी हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण परत आल्यापासून श्रीलंकेला निघालेले ओळखीचे लोक मला राहण्याचे, खाण्याचे, खर्चाचे प्रश्न विचारतात. बस-रेल्वेने फिरताना चुकामूक झाली तर काय करायचं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आम्हीही ते एकमेकांना विचारलं नव्हतं.

चौघं आणि बेत

आम्ही नाशिकच्या एकाच कॉलेजातले, आता पंचेचाळिशीच्या आसपासचे. एकमेकांना कामावरूनच हाका मारतो: मास्तर, वकील, केमिस्ट. वकील आणि मी बायका, बाकी दोघं पुरुष. केमिस्टला बरीच वर्षं मधुमेह आहे. तीन वेळा जेवणाआधी रेग्युलर इन्सुलिन आणि रात्री एक लांब पल्ल्याचं, असा त्याचा क्रम. स्वतःचं औषधांचं दुकान असल्यामुळे याबाबतीत तो काटेकोर आहे आणि त्याला कुणी सांगायला जात नाही.

बेत बारा दिवसांचा. कोलंबो, कँडी, एल्ला, मग दक्षिण किनाऱ्याने मातर आणि गॉल करत परत कोलंबो. सगळं साध्या बसने आणि रेल्वेने, पाठीवर सॅक टाकून. पैसे वाचतात हे एक कारण होतंच, पण आम्ही चौघंही एसटीत वाढलेली माणसं. देश बसमधून कळतो, असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि या दिवसानंतरही ते मत बदललेलं नाही.

श्रीलंकेत हे जमण्यासारखं आहे. सरकारी लाल बस जवळजवळ प्रत्येक खेड्यात जाते. बऱ्याच गाड्या अशोक लेलँडच्या, म्हणजे आवाजसुद्धा ओळखीचा. दाराजवळच्या पुढच्या जागा भिक्खूंसाठी राखीव असतात. कंडक्टर ‘इस्सरहट यन्न’ म्हणतो, म्हणजे ‘पुढे सरका’. उतरायचं असेल तर ‘बहिनवा’ म्हणून ओरडायचं. रेल्वेचा गेज आपल्यासारखाच साडेपाच फुटांचा, त्यामुळे डब्यात शिरलं की परकं वाटत नाही. डोंगरातला मार्ग ब्रिटिशांनी आधी कॉफीसाठी सुरू केला. कॉफी तांबेऱ्याने मेल्यावर चहासाठी तो पुढे पुढे नेला आणि 1924 मध्ये बदुल्लापर्यंत पोचवला. आम्ही गेलो तेव्हाही डोंगरातल्या गावांची ती नेहमीची गाडी होती. फोटोसाठी येणारे प्रवासी त्यात नंतर मिसळले.

या गाडीचं आरक्षण तीस दिवस आधी उघडतं. आम्ही दहा दिवस आधी पाहिलं, तेव्हा सगळं भरलेलं. पण बिनआरक्षणाची तिकिटं खिडकीवर मिळतात आणि त्यांना संख्येची मर्यादा नाही. ‘उभं राहू, त्यात काय’ असं ठरलं.

पोया म्हणजे काय, हे आम्हाला कुठे कळलं

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते. दारू मिळत नाही, मांसाची दुकानं बंद असतात, लोक पांढरे कपडे घालून विहारात जातात. आदल्या संध्याकाळी लॉजच्या मालकांनी आम्हाला सांगितलं होतं, ‘उद्या पोया आहे बरं का.’ आमच्यात कुणी पिणारं नाही, म्हणून आपल्याला काय फरक पडतो, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

फरक पडत होता तो असा. फेब्रुवारीची पोया, म्हणजे नवम पोया, त्या वर्षी शुक्रवारी आली होती. म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. त्यात डिसेंबरच्या पोयापासून मे महिन्यातल्या वेसाकपर्यंत श्रीपादाच्या यात्रेचा हंगाम असतो. श्रीपाद हा 2,243 मीटर उंच डोंगर. माथ्यावरचं पाऊल बौद्ध बुद्धाचं मानतात, हिंदू शिवाचं, मुसलमान आदमचं. यात्रेकरू हॅटन स्टेशनवर उतरून पुढे बसने पायथ्याला जातात, आणि हॅटन याच रेल्वेमार्गावर आहे. लांब सुट्टी, पौर्णिमा आणि यात्रा अशा सकाळी आम्ही बिनआरक्षणाचं तिकीट घेऊन उभे होतो. आषाढीच्या आदल्या दिवशी कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणाऱ्या गाडीत निवांत जागा मिळेल, असं धरून चालण्यासारखंच ते होतं. आपल्याकडे ही चूक आम्ही केली नसती, कारण आपली पंचांगं अंगात मुरलेली आहेत. परमुलखात गेल्यावर तिथलंही पंचांग असतं, हे ध्यानात आलं नाही.

सव्वासात ते पावणेनऊ

सव्वासातला केमिस्टने इन्सुलिन घेतलं आणि आम्ही नाश्त्याला बसलो. इंदिआप्पे म्हणजे आपले मालवणी शिरवाळे, फक्त चकतीसारखे चपटे. सोबत पोल सांबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी, आणि नारळाच्या दुधातली मसूर डाळ. खिडकीतून स्टेशनकडे जाणारी पांढऱ्या कपड्यांतली रीघ दिसली आणि मास्तर उठला, ‘चला, चला.’ केमिस्टच्या ताटात अर्ध्याहून जास्त तसंच राहिलं. मी ते पाहिलं होतं. काही बोलले नाही.

फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी सुचवलं, ‘दोघं या दारातून, दोघं त्या दारातून. आत भेटू.’ मुंबईच्या लोकलमध्ये हे मी शंभरदा केलंय. मोठी सॅक, म्हणजे पैशांचं पाकीट आणि औषधांची पिशवी जिच्यात होती ती, धिप्पाड मास्तरने घेतली. इन्सुलिन थंड राहावं म्हणून ओल्या कापडात गुंडाळलेल्या डब्यात होतं. तो डबा केमिस्टच्या छोट्या पिशवीत मावत नव्हता, म्हणून मोठ्या सॅकमध्ये गेला. त्याच्या शेजारी साखर मोजायचं यंत्र आणि ग्लुकोजचे पुडेही गेले, सगळं एकत्र असावं म्हणून.

गाडी कोलंबोहूनच भरून आली. कँडी बदुल्लाच्या मुख्य मार्गावर नाही. गाडी पेरादेनिया जंक्शनवरून आत येते आणि तोंड फिरवून त्याच वाटेने परत बाहेर पडते. त्यामुळे ती इथे जरा जास्त थांबते, म्हणून आम्ही घाई केली नाही. मास्तर आणि वकील त्यांच्या दारातून आत ढकलले गेले. आमच्या दारात एक खूप म्हातारी आजी होती. दोन नातू तिला अलगद उचलून आत घेत होते. तिच्या पायात चपला नव्हत्या आणि एका हातात रुमालात बांधलेली कमळाची कळी होती. ती मोडू नये म्हणून तिने तो हात डोक्यावर धरला होता. आम्ही थांबलो. कुणीही थांबलं असतं. ती आत गेली आणि गाडी हलली. तीन डबे पुढे एका खिडकीतून वकिलचा हात बाहेर आला होता, हिरव्या बांगडीवरून मी ओळखला.

वीस मिनिटं

केमिस्टचं म्हणणं होतं की ते पुढच्या स्टेशनावर उतरून परत येतील, आपण इथेच थांबू. मला वाटत होतं की ते पुढे जातील, आपण पुढच्या गाडीने गाठू. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं की गाडीतली दोघं काय समजून चालली आहेत. चुकामुकीतला खरा घोळ हाच असतो. दोन्ही बाजूंनी शहाणपणाने वागलं, पण वेगवेगळा अंदाज बांधून, तर माणसं आणखी लांब जातात.

फोन करावा तर कुणाला? स्थानिक सिम माझ्या फोनात होतं आणि बाकी तिघं दोन दिवस माझ्याच हॉटस्पॉटवर चालली होती. गाडी हलताच त्यांचे फोन मुके झाले. माझा नवा नंबर कुणीच लिहून घेतला नव्हता. गरजच पडली नव्हती, कारण मी कायम तीन हातांवर असायचे.

यात वीस मिनिटं गेली. मग केमिस्ट पांढऱ्या गणवेशातल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि घड्याळाकडेही न बघता सगळं उलगडून सांगितलं. पुढची गाडी कँडीत येतच नाही, पेरादेनियाला जाऊन पकडावी लागेल, आणि तीही अशीच भरलेली असेल. पण स्टेशनजवळच्या स्टँडवरून नुवर एळियाची बस मिळते. गाडी डोंगराला वळसे घालत नानू ओयाला जायला चार तास घेते, बस रस्त्याने साडेतीन. नुवर एळियाहून नानू ओया स्टेशन रिक्षाने जवळ आहे. ‘तिथे भेटा,’ असं म्हणून ते शिट्टी वाजवत पुढे गेले. बाहेरच्याला वेळापत्रक वाचून कळायला तास लागला असता, ते या माणसाच्या डोक्यात आयतं होतं. वीस मिनिटं आधी विचारायला हवं होतं.

निरोप कसा द्यायचा, हे मात्र अडलेलंच होतं.

गाडीत काय झालं

हे मास्तर आणि वकिलने नंतर सांगितलं. वकिल पहिल्यापासून म्हणत होती, पेरादेनियाला उतरू. मास्तरही तयार होता. पण दारापर्यंत पोचताच येईना. पेरादेनिया आलं आणि गेलं. ती दोघं तिथे उतरली असती, तर आम्ही बसने निघून गेल्यावर कँडीत पोचली असती. आमचा दिवस वाचला तो गर्दीमुळे. ती आमची हुशारी नव्हती, हे मी इथे मुद्दाम नोंदवते.

त्यांच्याभोवती कुरुनेगलकडच्या वीसेक यात्रेकरूंचा गट होता. अशा गटाला ‘नडे’ म्हणतात आणि त्याच्या म्होरक्याला ‘नडे गुरा’. पहिल्यांदाच डोंगर चढणारा तो ‘कोडुकारया’, त्याच्यावर गुराचं विशेष लक्ष. आपल्या वारीतल्या दिंडीची आणि दिंडीप्रमुखाची आठवण यावी, अशीच ही रचना. साठीच्या त्या गुरांनी मास्तरचा रडवेला चेहरा पाहून मोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘तुमचा गुरा कोण?’ मास्तर म्हणाला, ‘कुणीच नाही, आम्ही चौघं मित्र.’ हे ऐकून ते काही वेळ गप्प राहिले, असं वकिल सांगते. त्यांच्या नडेत प्रत्येकाच्या खिशात गुरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, गटातल्या एका आजीच्यासुद्धा.

मग त्यांनी आपला फोन पुढे केला. माझा नवा नंबर मास्तरला ठाऊक नव्हता, पण केमिस्टचा भारतातला नंबर गेली वीस वर्षं तोच आणि मास्तरला तोंडपाठ. गुरांच्या फोनवरून त्या नंबरला व्हॉट्सॲप कॉल लागला. केमिस्टचा फोन माझ्या हॉटस्पॉटवर जिवंत होता. आम्ही तेव्हा स्टँडवर बसच्या पायरीवर होतो. चाळीस सेकंद बोलणं झालं असेल. ‘नानू ओया. उतरा आणि तिकीट खिडकीसमोर थांबा. हलू नका.’ मागून त्यांच्या नडेचं ‘करुणावयी, करुणावयी’ ऐकू येत होतं.

बसमध्ये

माझ्याकडे दीड हजार श्रीलंकन रुपये होते, त्यात दोघांचं भाडं बसलं. आमच्या अकराच दिवस आधी, 12 फेब्रुवारीला, श्रीलंकेत यूपीआय सुरू झालं होतं आणि त्याच्या भरवशावर मी रोख कमी ठेवली होती. बसच्या कंडक्टरला रोखच लागते.

गंपोळ मागे पडलं, चढ सुरू झाला. पुस्सेल्लावच्या आधी कुठेतरी, पावणेअकराच्या सुमाराला, केमिस्ट गप्प झाला. मी पाहिलं तर कपाळावर घामाचे थेंब, आणि खिडकीतून तर गार वारा येत होता. दांडा धरलेला हात थरथरत होता. मी काही विचारलं तर त्याने भलतंच उत्तर दिलं. त्याच्याच दुकानात बसून त्याच्याच तोंडून मी हे वर्णन अनेकदा ऐकलेलं: साखर खाली आली.

सकाळपासून मला काळजी होती ती इन्सुलिन नसल्याची. दुपारचा डोस चुकला तर काय, हाच विचार. पण धोका होता तो आधीच घेतलेल्या इन्सुलिनचा. सव्वासातला घेतलेलं रेग्युलर इन्सुलिन दोन ते चार तासांनी सगळ्यात जोरात काम करतं, आणि त्याच्या वाट्याचं अन्न ताटातच राहिलं होतं. वर स्टेशनवरची धावपळ. डोस चुकून साखर वाढली असती तर आमच्याकडे काही तास होते. साखर उतरल्यावर मिनिटं असतात. आणि ग्लुकोजचे पुडे नीट, एकत्र, मास्तरच्या पाठीवर होते.

मी मोठ्याने ओरडले, ‘शुगर! शुगर!’ आमच्या मागच्या बाईंना काय झालंय ते बहुधा लगेच उमगलं. त्यांनी पिशवीतून केळीच्या सोपटात बांधलेली पुडी काढली आणि बाकाच्या लोखंडी कडेवर आपटून फोडली. आत काळपट तपकिरी गूळ होता, कितूल माडाचा, ‘हकुरू’. तिकडे कोऱ्या चहाबरोबर याचा खडा तोंडात धरतात. त्यांनी दोन खडे माझ्या हातात दिले, तिसरा स्वतः केमिस्टच्या तोंडात घातला आणि त्याची हनुवटी धरून ठेवली, लेकराला भरवताना धरतात तशी. कुणीतरी तांबिलीच्या, म्हणजे केशरी शहाळ्याच्या, पाण्याची बाटली पुढे केली. कंडक्टरने ड्रायव्हरला सांगून बस कडेला घ्यायला लावली. भिक्खूंच्या राखीव जागेवरचे एक तरुण भंते उठून मागे आले आणि आपली जागा दाखवून पुन्हा उभेच राहिले.

दहा-बारा मिनिटांनी त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, ‘किती वाजले गं?’ आणि माझ्या जिवात जीव आला. त्या बाईंना मी ‘अक्का’ म्हणाले. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या हसल्या आणि उरलेली पुडी त्यांनी केमिस्टच्या शर्टाच्या खिशात कोंबली. पैशांचं नावही काढू दिलं नाही.

सुट्टीच्या गर्दीने रंबोड्याच्या वळणांवर बस रखडली. नुवर एळियाला पोचायला दीड वाजला, नानू ओयाला पावणेदोन. गाडीही उशिरा आली होती. तिकीट खिडकीसमोर मास्तर सॅक पोटाशी धरून उभा होता आणि वकिल त्याच्या शेजारी. खरंच हलले नव्हते. साखर मोजून, इन्सुलिन घेऊन, केमिस्ट स्टेशनबाहेर डाळ-भात जेवला. यावेळी आम्ही तिघं त्याचं ताट रिकामं होईपर्यंत बसलो. त्या दिवशी एल्ला सोडून दिलं आणि तिथेच मुक्काम केला.

नंतर बसून केलेला विचार

रात्री थंडीत शाली गुंडाळून आम्ही हे सगळं उलगडत बसलो. दोष कुणाचा, यावर फार वेळ घालवला नाही. दोन दारांची युक्ती माझी होती, हे मी सांगितलं. लोकलमध्ये ती चालते, कारण मागून चार मिनिटांत दुसरी लोकल असते आणि सगळ्यांना उतरायचं ठिकाण ठाऊक असतं. डोंगरातली पुढची गाडी काही तासांनी येते. एका जागची सवय दुसऱ्या जागी नेताना ती कशाच्या आधारावर चालत होती, ते मी पाहिलं नाही.

सामाईक सॅकबद्दल वकिल जे बोलली ते मला सगळ्यात पटलं. आपण पैसे, औषधं, इंटरनेट सगळं एकत्र केलं, कारण त्यात आपल्याला मैत्री दिसली. पण त्यामुळे प्रत्येकजण एकटा असताना निकामी झाला. माझ्याकडे फोन होता आणि पैसे जेमतेम, मास्तरकडे पैसे आणि फोन नाही, केमिस्टकडे काहीच नाही.

लॉजवरच्या मुलाने आम्हाला 1990 हा नंबर दिला. ‘सुव सेरिया’ ही मोफत रुग्णवाहिका सेवा, 2016 मध्ये भारत सरकारच्या मदतीने सुरू झालेली. बसमध्ये मला तो नंबर माहीत असता तर निदान लावून पाहिला असता. आपल्याच देशाच्या मदतीने उभी राहिलेली ही सोय मला ठाऊक नव्हती, याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तीन सिमं घेतली. पैशांचे चार भाग केले. प्रत्येकाच्या खिशात कागदावर बाकीच्या तिघांचे नंबर, 1990 आणि केमिस्टच्या औषधांची नावं. ग्लुकोज चौघांकडेही, आणि इन्सुलिनचा डबा केमिस्टच्याच गळ्यात, मग कितीही अवजड वाटो. आणि एकच नियम: पुढे गेलेल्यांनी ठरलेल्या गावी चौकशीच्या खिडकीसमोर थांबायचं, मागे राहिलेल्याने यायचं, उलटं कुणी फिरायचं नाही. गुराही नेमला. केमिस्टलाच, कारण आमच्यात तोच एकटा रोज वेळापत्रकाने जगतो.

चार दिवसांनी एल्लाहून मातरला जाताना वेल्लवायला बस चहासाठी थांबली. मास्तर मुतारीकडे गेला आणि बस सुटली. आम्ही कंडक्टरला थांबवेपर्यंत स्टँड मागे पडला होता. यावेळी कुणी ओरडलं नाही. मातरला स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर आम्ही तिघं सॅका टेकवून उभे राहिलो. पंचवीस मिनिटांनी मागची बस आली आणि मास्तर उतरला, एका हातात अर्धा खाल्लेला वडा, दुसऱ्या हातात आमच्यासाठी कागदात बांधलेले तीन.